आक्काच्या हातचा नाकतोडा

घोयरा मेलेलं काही खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी आप्पांच्या घोयऱ्याला मेलेली झुरळं आणून दिली होती, आणि तो खाईना म्हणून त्याला माजलेला ठरवला होता. घोयरा म्हणजे सरड्याचीच जात. पण सरडा तुरुतुरु पळतो आणि हा एक पाऊल टाकायच्या आधी मागंपुढं झुलत राहतो, जायचं की नाही ते ठरत नसल्यासारखा. शेपटीची गुंडाळी, चिमट्यासारखे पाय, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. शेजारच्या कानडी म्हाताऱ्या त्याला गोसुंबे म्हणायच्या आणि नाव घेऊन थुंकायच्या. त्याची लाळ लागली तर अंगावर चट्टे उठतात असंही सांगायच्या. माझ्या बोटांना त्याची लाळ पुष्कळदा लागली. काही उठलं नाही.

निपाणीला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळं त्यांच्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. घर चालवायचे ते त्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. आप्पा लाकडाच्या कामाला जांबोटीकडच्या रानात जायचे, महिना महिना तिकडंच असायचे. असंच एकदा ओंडके चढवताना एक ओंडका घरंगळला आणि त्यांच्या कमरेवर आला. लाकडाच्याच लॉरीतून त्यांना घरी आणलं. चौघांनी धरून सोप्यातल्या बाजेवर निजवलं, तेव्हा त्यांच्या हातात एक पाल्याची डहाळी होती आणि तिच्यावर हा घोयरा बसलेला. वाटभर तो लॉरीतल्या फांद्यांत होता म्हणे. आप्पांना कमरेखालचं काही कळत नव्हतं. आई रडत होती, गल्ली गोळा झाली होती, आणि आप्पा म्हणाले, "हेला आधी कशावर तरी बसवा गं. गळून गेलंय बिचारं."

मग फुटक्या घागरीत माती भरून तिच्यात बाभळीची फांदी रोवली आणि ती बाजेच्या पायथ्याशी ठेवली. सकाळचं ऊन दारातून बरोबर त्या फांदीवर यायचं. पहिले काही दिवस त्याच्या पोटाला दोरा बांधला होता, नंतर तोही काढला, कारण तो कुठं जात नव्हता. आप्पाही कुठं जात नव्हते. दिवसभर दोघं एकमेकांकडं बघत असायचे.

आमचं घर म्हणजे पुढं सोपा, आत चूल, मागं परडं. परड्यात एक शेवग्याचं झाड, कडब्याचं एक खोपटं आणि चार कोंबड्या. आई आणि माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणायचो, दोघी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायच्या. तांबडं फुटायच्या आत आईच्या भाकरी थापायच्या आवाजानं जाग यायची. जोंधळ्याच्या भाकरी, त्यावर खर्डा नाहीतर शेंगदाण्याची चटणी, असं फडक्यात बांधून दोघी निघायच्या. रस्त्यानं बायकांची रांग चाललेली असायची आणि त्यांचं बोलणं लांबवर ऐकू यायचं. संध्याकाळी परत आल्या की त्या आधी परड्यात जाऊन लुगडी झटकायच्या. पिवळा भुगा उडायचा. कोंबड्यासुद्धा लांब पळायच्या. मग शिंकांवर शिंका. तो वास घरात, अंथरुणात, ताकाच्या गाडग्यात, सगळीकडं असायचा. आम्हाला तो वास आहे हेच कळायचं नाही. पाण्यातल्या माशाला पाणी कळत नाही तसं.

मी चौथी झाले आणि शाळा संपली. पुढची शाळा निपाणीत होती आणि निपाणीत जायचं तर वखारीत, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. पण ओंडका पडल्यापासून आप्पांचे हातही थरथरायचे, त्यांना उठवायला, बसवायला, तोंडात घास द्यायला कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून मी तेवढ्यापुरती घरात राहिले. आणि आप्पांच्या मागोमाग घोयऱ्याचंही काम माझ्याकडं आलं.

हे काम सोपं नव्हतं. माश्या धरून समोर सोडल्या तर तो एका डोळ्यानं बघायचा आणि दुसऱ्यानं आढ्याकडं. काळे किडे, मुंगळे, चुलीमागचं झुरळ, काही चालायचं नाही. पाणी वाटीत ठेवलं तर तहानेनं मरेल पण पिणार नाही. पानांवर शिंतडलं तर एकेक थेंब चाटणार. खायचा तो फक्त हिरवा नाकतोडा, तोही जिवंत, पाय झाडणारा, आणि तेही स्वतःच्या अंगावर ऊन येऊन, मातकट रंग जाऊन घोयरा हिरवा झाला म्हणजेच. सकाळी आई आणि आक्का गेल्या की मी आप्पांचं सगळं आवरून ओढ्याला जायची. तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, त्यात एकेक नाकतोडा धरून टाकायचा. घरी आल्यावर मागच्या पायांना धरून त्याच्यासमोर बोट पुढं करायचं आणि हलायचं नाही. मग त्याचे दोन्ही डोळे एकदम पुढं वळायचे. ते वळले की समजायचं. त्याच्या अंगाएवढी लांब जीभ सटकन यायची आणि बोटात नुसता ओलसरपणा राहायचा. आप्पा म्हणायचे, "बघितलीस? आं? ह्येला म्हनत्यात जेवन." दिवसातनं तेवढंच एकदा ते हसायचे.

एक दिवस त्यानं खायचं बंद केलं. नाकतोडा तोच, ऊन तेच, बोटही माझंच. मी बोट पुढं केलं की तो तोंड फिरवायचा, फांदीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. आप्पांनीही जेवण सोडलं. म्हणाले, "त्यो खाईना तर माझ्याबी घशाखाली उतरंना." मी विचार करत बसले आणि मला आठवलं की आईनं मला मिश्री भाजायला लावली होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मग हातानं चुरायची. आमच्याकडं सगळ्या बायका सकाळी मिश्री लावायच्या, आणि भाजायचं काम घरात असेल तिचं. मी ओढ्यावर जाऊन चिकणमातीनं हात चोळले, राखेनं चोळले, मग हिरवं गवत चुरगाळून त्याचा रस तळव्यांना लावला. एक दिवस तरीही त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी जीभ आली.

मी आप्पांना हे सांगितलं. मग संध्याकाळी आई आल्यावर ते म्हणाले, "हिला तंबाकूला हात लावू द्यायचा न्हाय. मिश्री तू भाज."

आई दमून आलेली. ती म्हणाली, "दिवाळीनंतर हिला वखारीत न्यायचं म्हनून मुकादमाला बोललीया मी. जागा धरून ठेवलीया त्येनं."

"ती जाणार न्हाय."

"किड्यापायी पोरगी घरात बसवायची व्हय?"

"किडा न्हवं त्यो. मी दिसभर हितं आढं मोजत पडू काय? त्यो हिच्या हातचं खातोय तवर ही घरात."

आप्पा बाजेवर पडलेले असले तरी घरात त्यांचाच शब्द. आईनं भाकरी जरा जोरात थापल्या, एवढंच. त्या रात्री मी पोटभर जेवले. अंबाडीची भाजी होती, ती मला आवडत नसे, तरीही.

आता कुणाला वाटेल की मला त्या जनावराची माया होती. तसं मला म्हणवत नाही. त्याला ना नाव ठेवलं होतं, ना त्याला कुरवाळता येत होतं. पण तो खातो तोवर मी वखारीच्या बाहेर, हे मला पक्कं समजलं होतं, आणि म्हणून मी त्याला जपलं. वखार काय असते ते मी आईच्या खोकल्यावरून ओळखत होते. आक्का आधी गाणी म्हणायची, आवाज चांगला होता तिचा. वखारीत जायला लागल्यावर तिच्या आवाजात खरखर आली आणि गाणी बंद झाली. मी ओढ्याला गवतात फिरताना मनात म्हणायची, मी सुटले.

मी आता टिळकवाडीत मुलाकडं राहते, तिसऱ्या मजल्यावर. परवा नातीनं मोबाइलवर दाखवलं. कुठल्या तरी देशातली एक बाई, काचेच्या पेटीत असलाच रंगीत घोयरा, आणि तो खात नाही म्हणून ती रडकुंडीला आलेली. डब्यातले किडे, त्यावर पांढरी पूड लावलेली, चिमट्यानं समोर धरत होती. नात म्हणाली, "आज्जी, किती पिकी आहे बघ." मी म्हटलं, तिला सांग हात धुवायला. नात हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. आपल्याकडं तर आता असं जनावर घरात ठेवलं की जंगलखात्याची माणसं येतात म्हणे. बरंच आहे ते.

दिवाळी झाली. ओढ्याकाठचं गवत पिवळं पडायला लागलं आणि नाकतोडे कमी झाले. मला लांब, उसाच्या बांधापर्यंत जावं लागायचं. तेव्हाच, तुळशीचं लग्न झाल्यावर, एका रविवारी आक्का माझ्या मागं ओढ्याला आली. रविवारी वखार बंद असायची आणि आक्का त्या दिवशी डोकं धुऊन उन्हात झोपायची, कुठं यायची नाही.

ती म्हणाली, "मला दाव की गं, कसं चारतीस."

"तुला कशाला?"

"कशाला म्हंजे? तुला ताप आला, कुठं गेलीस, तर आप्पांचं कसं व्हायचं? त्यो उपाशी, आप्पा उपाशी. मला यायला नको?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आक्का माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिला येत नाही असं काहीतरी मला येतं आणि ती ते मला विचारते, हे पहिल्यांदाच होत होतं. मी तिला सगळं दाखवलं. नाकतोडा मागून कसा धरायचा, पाय तुटू द्यायचे नाहीत, बोट कुठं थांबवायचं. चिकणमाती कुठली घ्यायची. ती हात चोळत बसली. तिच्या बोटांच्या चिरा तपकिरी झाल्या होत्या, नखांची मुळं पिवळी. ती म्हणाली, "जातंय काय गं हे?" मी म्हटलं, "रोज चोळलंस तर जाईल. पण तू रोज वखारीत जातीस की."

त्या दिवशी घोयऱ्यानं तिच्याकडं पाठ फिरवली. पुढच्या रविवारीही. मी तोंडानं च्च च्च केलं आणि आतून मला गुदगुल्या झाल्या. मग आक्काचं पोट दुखायला लागलं. ती वखारीत गेली नाही, आईही तिला काही म्हणाली नाही. आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. आक्का दिवसभर घरात, माझ्याबरोबर ओढ्याला, चिकणमाती, राख, शिकेकाई, लिंबाच्या साली. पोट दुखणारी बाई दोन दोन भाकरी खात होती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. दिवसभर आक्का सोबत आहे, मला तेवढंच पुरत होतं.

आणि एका सकाळी ऊन फांदीवर आलं, घोयरा हिरवा झाला, आक्कानं बोट पुढं केलं. त्याचे दोन्ही डोळे वळले. जीभ आली. नाकतोडा गेला.

मीच ओरडले, "आप्पा, बघितलं? आक्काच्या हातचं खाल्लं."

आप्पा म्हणाले, "बघितलं."

त्यांनी तेवढंच म्हटलं. आक्कानं बोट पुसलं आणि ती आत गेली. आत आई होती, ती त्या दिवशी उशिरा निघणार होती. दोघी हळू आवाजात काही बोलल्या. मला वाटलं, भाजीबद्दल बोलत असतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं दोन फडकी बांधली. मी डोळे चोळत उठले, आप्पांना पाणी द्यायला निघाले, तर तिनं एक गठुडं माझ्या हातात दिलं.

"चल."

"कुठं?"

"वखारीत. मुकादमानं आज आन म्हनून सांगितलंय. आक्कीच्या जागेवर तू."

मी आक्काकडं बघितलं. ती चुलीपुढं बसून विळीवर कांदा चिरत होती, खाली मान घालून. म्हणाली, "थोडेच दिस गं शेवंते. मला बघाय यायचे हाईत. वखारीचा हात घिऊन कोन करंल मला? माझं जमलं की तू परत घरात."

मी सोप्यात गेले. आप्पा जागे होते. मी त्यांच्या बाजेला धरून उभी राहिले. "आप्पा, तुमी म्हनला हुता..."

ते घोयऱ्याकडं बघत होते. अंधारात तो दिसतसुद्धा नव्हता, पण ते तिकडंच बघत होते. म्हणाले, "चारतीया की ती. खातुय की त्यो. जा, आईला उशीर हुतोय."

म्हणजे तिघांना माहीत होतं. रविवारी आक्का माझ्यामागं ओढ्याला आली तेव्हाच ठरलेलं होतं, आणि मी तिला चिकणमाती काढून देत होते. मला आधी सांगितलं असतं तर मी गेले असते का? नसते गेले. आक्काला काही शिकवलंही नसतं. हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

वखारीबद्दल फार लिहीत नाही. लांबलचक पत्र्याची शेड, आत दिवसासुद्धा संध्याकाळ असल्यासारखं, हवेत भुगा. बायका तोंडाला पदर बांधून चाळण्या हलवत बसलेल्या. मला काड्या वेचायला बसवलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मला गरगरायला लागलं आणि मी भिंतीकडं जाऊन ओकले. शेजारची बाई म्हणाली, "होतंय असं. चार दिसांनी तंबाकू तुला वळखंल." आईनं माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि परत जागेवर बसवलं. घरी येताना ती वाटेत एकदा माझ्या डोक्यावरनं हात फिरवायला गेली. मी डोकं बाजूला घेतलं. तिनं परत प्रयत्न केला नाही.

संकेश्वराकडची माणसं आक्काला बघायला आली तो दिवस वखारीच्या सुट्टीचा होता, म्हणून मी घरात होते. सकाळीच आईनं घर शेणानं सारवलं, धूप घातला, आमची लुगडी नि परकर खोपट्यात नेऊन टाकले. मग मला म्हणाली, "तूबी तिकडंच बस जरा. भायेर येऊ नको." मी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "वास येतुया तुझा." हे तिनं रागानं म्हटलं नाही. दुधाला वास येतो हे सांगावं तसं म्हटलं.

मी कडब्यात बसले. पण किती वेळ बसणार? माणसांचे आवाज आले, चपला काढल्याचे, खाकरल्याचे, तशी मी मागच्या दारानं चुलीपाशी आले आणि दाराच्या फटीतनं सोप्यात बघितलं. मुलगा, त्याचा बाप, मामा आणि आई. पोहे झाले होते. आक्का हिरव्या लुगड्यात खाली बसलेली. मुलाची आई जाडजूड, नाकात मोठी नथ. तिनं आक्काला चालायला लावलं, केस सोडून दाखव म्हणाली, आणि मग म्हणाली, "हात बघू." आक्कानं हात पुढं केला. त्या बाईनं तो तळवा वर करून बघितला, नखं बघितली, आणि सगळ्यांसमोर नाकाशी नेऊन हुंगला. आमच्या भागात तेव्हा शेतीवाली घरं अशीच बघायची. त्यांना तंबाखू पिकवायला चालायची, पण वखारीतली सून चालायची नाही.

ती म्हणाली, "वास तर न्हाय. पर ह्या गावातल्या सगळ्या पोरी वखारीत जात्यात असं आमी ऐकलंय."

तेव्हा आप्पा बाजेवरून बोलले. "पावनं, तुमचा माझा इश्वास बाजूला ऱ्हाऊ द्या. ह्यो घोयरा बघा. ह्यो तंबाकूचा हात वळखतो. वखारीतल्या बाईनं सोन्याचा नाकतोडा धरला तरी तोंड फिरवंल. घ्या पारखून. आक्के, चार त्येला."

आक्का उठली. कोनाड्यात माझा तांब्या होता, फडकं बांधलेला. तिनं नाकतोडा काढला, फांदीसमोर बोट धरलं. सगळे पुढं वाकले. घोयरा मागंपुढं झुलला, दोन्ही डोळे वळले, आणि जीभ सटकन आली. मुलगा एकदम हसला. बाप म्हणाला, "आयला, शाना हाय की." मुलाच्या आईनं आक्काला दुसरा नाकतोडा काढून परत चारायला लावला. घोयऱ्यानं तोही खाल्ला. मग मुलाच्या आईनं नाकतोडा धरून स्वतःचं मिश्री लावलेलं बोट पुढं केलं, तर त्यानं पाठ फिरवली. मग तर सगळे हसले, तीही हसली.

त्यानंतर तिनं विचारलं, "पोरी किती हाईत तुमास्नी?"

आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "दोन. धाकटी मामाकडं असती, खानापुराकडं. तिकडंच वाढली ती."

मी दारामागं होते. खानापूर मी पुढं लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. मला कुणी मामा नव्हता.

रडले बिडले नाही. चुलीवर पोह्यांची कढई होती, तिच्यातला खरवडा मी हातानं काढून खाल्ला आणि परत खोपट्यात जाऊन बसले. ओढ्यावर डोकं खाजवून मी जे शोधून काढलं होतं, मला घरात ठेवणारं जे एकच होतं, त्यावर आक्काचं लग्न ठरत होतं. आणि ते ठरावं म्हणून मी त्या घरात नव्हतेच असं सांगणं भाग होतं.

फाल्गुनात लग्न झालं. आक्का संकेश्वराकडं गेली. तिचं चांगलं झालं, मी वाईट म्हणणार नाही. ऊस, म्हशी, माडीचं घर. अजून आहे ती, फोन करते. मागं एकदा म्हणाली, "शेवंते, आपला त्यो घोयरा आठवतोय काय गं? मला त्येला चारायचा काय नाद हुता." मी म्हटलं, आठवतोय. ती आणखी बोलत राहिली, नातवाला सांगत होती म्हणे की घोयरा फक्त तिच्याच हातचं खायचा. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवतं. पलीकडं तिची सून हसत होती. मी गॅस चालू आहे म्हणून फोन ठेवला. गॅस चालू नव्हता.

आक्का गेल्यावर दिवसा शेजारची एक म्हातारी आप्पांना उठवायची-बसवायची, पण घोयऱ्याला चारायला कुणी उरलं नाही. आप्पांच्या थरथरत्या हातांना नाकतोडा धरता येत नव्हता. दोन दिवस त्यांनी गल्लीतली पोरं बोलावली, पण ती पोरंही वखारीतल्या बायांचीच, आयांच्या पदरात झोपणारी. घोयरा काळपट पडला, अंग चपटं झालं, डोळे आत गेले. मग सुट्टीच्या दिवशी आप्पांनी मला हाक मारली. किती महिन्यांनी मला नावानं हाक मारली असेल.

"शेवंते, बघ की जरा."

मी हात धुतले. चिकणमाती, राख, सगळं केलं. बोट पुढं धरलं. त्याचा एक डोळा माझ्या बोटावर आला, दुसरा आप्पांकडं होता. थोडा वेळ तसंच. मग तो हळूहळू, झुलत झुलत, फांदीच्या पलीकडं गेला.

आप्पा म्हणाले, "हात गेला तुझा."

मी म्हटलं, "काही दिस घरात ऱ्हायले तर येईल परत. आक्काचा आला की."

मी हे मुद्दाम आईला ऐकू जाईल असं म्हटलं. आक्कानं शब्द दिला होता आणि आक्काचं जमलं होतं. आई चुलीपाशी होती. ती दारात आली, हाताला पीठ लागलेलं. "जागा जाईल हिची," ती म्हणाली. "मुकादम दुसरीला बसवंल. मग कायमची गेली म्हना."

आप्पा बाजेवर पडून विचार करत राहिले. घोयऱ्याकडं बघायचे, आढ्याकडं बघायचे. मी उभीच होते. इतका वेळ ते विचार करतात म्हणजे माझ्या बाजूनं काहीतरी चाललंय असं मला वाटलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आई दारातून हलली नाही.

शेवटी ते म्हणाले, "जागा नको घालवू. त्येला सोडून ये जा. बांधावर, करंजाच्या झाडावर सोड. मरंल न्हाय तर हितं."

मी फांदीसकट त्याला उचललं तेव्हा आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही, उशीत गेलं. आईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. मी त्यांच्यासमोर फांदी धरून उभी होते आणि त्यांना जे सोडवत नव्हतं ते माझ्या हातात होतं. ज्या पहाटे मला वखारीत धाडलं, त्या पहाटे ते डोळे कोरडे होते. मी जवळ उभी होते, म्हणून सांगते.

बांधावर जाऊन मी करंजाच्या खोडाला फांदी टेकवली. तो वर चढायला बराच वेळ लावत होता. मी थांबले नाही. घरी येऊन परकर परड्यात झटकला, हात धुतले, आणि आप्पांना आमटीत भाकरी कुस्करून भरवली. ते जेवले. दुसऱ्या दिवशी वखार उघडी होती.